कापणार म्हणजे नेमकं काय करणार?

अचूकरावांसमोर ‘कापणे’ हे क्रियापद एकटं सोडायचं नसतं. काय कापायचं, कशाने कापायचं, किती खोल कापायचं आणि कापल्यावर दोन तुकडे व्हायला हवेत की नुसती खूण राहायला हवी, एवढा तपशील त्याच्या सोबत धाडावा लागतो. नाक्यावरच्या न्हाव्याने हा धडा पहिल्याच दिवशी घेतला. ‘काका, केस कापू ना?’ एवढंच तो बिचारा म्हणाला. अचूकरावांनी गळ्याभोवतीचं कापड सोडवून घडी करून ठेवलं आणि खुर्चीतूनच विचारलं, ‘कापणार म्हणजे नेमकं काय करणार? कातरणार, छाटणार की भादरणार?’ तेव्हापासून तो न्हावी फक्त ‘काका, तेच ना?’ असं विचारतो, अचूकराव ‘तेच’ म्हणतात आणि दोघांचाही रक्तदाब ठीक राहतो.

अचूकराव हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. खरं नाव मुद्दाम देत नाही, कारण नाव दिलं की वाचकांना वाटेल हा असा एकच आहे. प्रत्यक्षात हा प्राणी प्रत्येक गावठाणात आणि प्रत्येक सोसायटीत निघतो. लग्नपत्रिका हातात पडली की तारखेच्या आधी ऱ्हस्व-दीर्घ बघणारा तोच. ‘उद्या पाणी येणार नाही’ या फलकाखाली पेन्सिलीने ‘किती वाजता?’ असं लिहिणारा तोच. ‘फोन कट झाला’ म्हणणाऱ्याला ‘कुणी कापला?’ विचारणाराही तोच. शिरवणे गावचा नमुना निवडायचं कारण एवढंच, की या गृहस्थांनी आपली खोड थेट डेन्मार्कपर्यंत नेली.

शिरवणे हे सायन-पनवेल महामार्गाने कापलेलं गाव आहे. (कापलेलं नाही, दुभागलेलं. ही दुरुस्ती अचूकरावांची.) रस्त्याच्या एका अंगाला गावठाण, दुसऱ्या अंगाला टीटीसीची एमआयडीसी. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली आणि पुढे इथल्या भातखाचरांचे सेक्टर झाले. भातकापणीच्या आठवणी सांगणारी आगरी-कोळी म्हातारी माणसं अजून ओट्यावर बसतात, आणि त्यांचे नातू जुईनगरला गाडी पकडतात. रस्त्यापलीकडे दिवसभर पत्रा आणि लाकूड कापतात, अलीकडे मासळी. एका शब्दाचं एवढं वावडं असलेल्या माणसाने अशा गावात राहणं म्हणजे जिवाला त्रास, असं कुणालाही वाटेल. अचूकराव मात्र खुशीत राहतात. दुरुस्त करायला माल रोज ताजा मिळतो.

ही खोड त्यांना लागली ती नोकरीत. पोलादाची परीक्षा करणाऱ्या एका प्रयोगशाळेत ते कामाला होते. शार्पी नावाच्या फ्रेंच माणसाच्या नावाने ओळखली जाणारी एक चाचणी तिथे रोज चाले. ५५ मिलिमीटर लांब आणि १० बाय १० जाडीचा पोलादी तुकडा घ्यायचा. त्याच्या बरोबर मध्यावर इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची, ४५ अंशांची, २ मिलिमीटर खोल खाच पाडायची. मग लंबकाला लावलेला जड हातोडा खाचेच्या पाठीमागे आणून आदळायचा. तुकडा मोडताना हातोड्याची किती ऊर्जा खर्ची पडली, त्यावरून पोलाद किती चिवट ते ठरतं. खाचेच्या तळाशी गोलाई असते पाव मिलिमीटरची. ती चुकली की सगळा आकडा खोटा, मग पोलाद कितीही खरं असो. अचूकरावांनी उमेदीची सारी वर्षं ही पाव मिलिमीटरची गोलाई भिंगातून तपासण्यात घालवली. अशा माणसाने घरी येऊन ‘अंदाजे’ हा शब्द सोसावा कसा?

एकदा प्रयोगशाळेत डेन्मार्कहून एक यंत्र आलं आणि ते जोडून द्यायला तिथलाच एक इंजिनियर आला. या चाचणीला आमच्याकडे ‘केर्वस्लाग’ म्हणतात, असं त्याने सांगितलं. केर्व म्हणजे खाच आणि स्लाग म्हणजे घाव. जी भाषा खाचेला नावातच पहिला मान देते ती शिकलीच पाहिजे, असं अचूकरावांनी त्या क्षणी ठरवलं. मुंबईतल्या फाउंटनच्या फुटपाथवरून एक जीर्ण डॅनिश-इंग्रजी कोश आला. निवृत्तीनंतर लोक हरिपाठ घेतात, विम्याची एजन्सी घेतात. अचूकरावांनी डॅनिश घेतली.

घरात त्याचे परिणाम लगेच दिसले. डॅनिश माणसं लिहितात त्यातली निम्मी अक्षरं गिळतात, आणि वर स्वराच्या मध्येच घशात एक बारीक अडथळा आणतात. हा अडथळा शोभेचा नव्हे, त्याने अर्थ बदलतो. सरळ ‘हुन’ म्हटलं तर ‘ती’, आणि तेच घशात अडवून म्हटलं तर ‘कुत्रा’. अचूकराव गच्चीच्या दाराशी उभं राहून हे दोन्ही उच्चार घोटायचे. काकूंना पहिल्यांदा उचकी वाटली म्हणून त्या पाणी घेऊन आल्या. दुसऱ्यांदा साखर घेऊन आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी अर्थ विचारला. तो ऐकल्यावर म्हणाल्या, ‘अहो, अडथळा कुठे आणायचा ते नीट लक्षात ठेवा. नाहीतर मला हाक माराल आणि भलतंच कुणी धावत येईल.’

एवढ्यावर प्रकरण घरच्या घरी राहिलं असतं. पण एमआयडीसीतल्या एका फर्निचरवाल्या शेठनी बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावातून एक जुनं डॅनिश यंत्र उचललं. फळ्यांच्या कडांना खोबणी, कंगोरे, खाचा काढणारं यंत्र. दणकट, देखणं आणि मातीमोल. सोबत एक पुस्तिका होती, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत डॅनिश. बँक आणि विमावाले कागद इंग्रजीत मागत होते. शेठच्या भाच्याने पानांवर फोन धरला. फोनने इंग्रजी दिलं, पण शब्दांच्या बाबतीत हात आखडता घेतला. पानोपानी एकच शब्द: कट. हे कट करा, मग ते कट करा, कट झालं की उलट बाजूने कट करा.

पुस्तिकेतल्या नकाशांवर हाताने लिहिलेली अक्षरं मात्र फोनला लागेनात. ती ऑपरेटरने स्वतःच वाचली. जौनपूरकडचा पोरगा, हुशार, थोडं इंग्रजी वाचणारा. फळीच्या कडेशी बाण होता आणि लिहिलं होतं, ‘नॉट, ६ मिलिमीटर’. दुसऱ्या कडेशी लिहिलं होतं, ‘फाल्स’. त्याने दोन्ही कडांना हात लावला नाही. शेठ ओरडले तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘सेठ, एक जगह नॉट लिखा है, दूसरी जगह फाल्स. मना किया है तो कैसे करते?’ मुलाची काही चूक नव्हती. डॅनिशमध्ये नॉट म्हणजे फळीच्या कडेतली लांब खोबण, जिच्यात शेजारच्या फळीची जीभ जाऊन बसते. परिणामी शेठकडे तयार झालेल्या सगळ्या फळ्यांना जिभा होत्या, ऐकून घ्यायला कान मात्र एकाही फळीला नव्हता.

पुढच्या पानावर त्याहून मोठा घोळ झाला. ‘स्नित ए-ए’चं फोनने ‘कट ए-ए’ केलं होतं. कुठल्याही इंजिनियरिंगच्या नकाशात अशी रेघ असते. इथे छेद घेतला तर आत काय दिसेल ते बाजूला काढून दाखवलंय, एवढाच तिचा अर्थ. हा छेद मनातल्या मनात घ्यायचा असतो. दुसऱ्या पाळीच्या पोराने तो करवतीने घेतला. सागवानाची चांगली फळी, बरोबर ए पासून ए पर्यंत, काटकोनात, सुबक कापलेली. एवढं स्वच्छ काम त्या कारखान्यात आधी कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून शेठना नीट रागावताही येईना.

संध्याकाळी शेठ अचूकरावांच्या दारात. ‘काका, तुम्हाला ती भाषा येते म्हणे. दोन दिवसांत इंग्रजी करून द्या. फार काही नाही त्यात, सगळीकडे कटच आहे.’

‘सगळीकडे कट?’ असं म्हणून अचूकरावांनी चष्मा पुसायला घेतला. हा चष्मा ते आनंदाच्याच प्रसंगी पुसतात, हे शेठना ठाऊक नव्हतं.

कामाची त्यांची पद्धत अशी. वहीत तीन रकाने: डॅनिश, मराठी, इंग्रजी. शेठना मराठी नको होतं, पण अचूकरावांचं म्हणणं, क्रिया डोळ्यांनी बघितल्याशिवाय तिसरा रकाना भरायचा नाही, आणि बघितलेल्या क्रियेचं नाव माणसाला आधी आपल्याच भाषेत सुचतं. मग ते यादी घेऊन गावात निघाले.

पहिला मुक्काम मासळी बाजार. डॅनिशमध्ये ‘स्केअरं’ म्हणजे धार ओढून कापणं आणि ‘हॉगे’ म्हणजे वरून घाव घालून तोडणं. दोन्ही क्रिया एकाच पाटावर बघायला मिळतील, हा त्यांचा हिशोब. कोळीण सुरमईच्या तुकड्या करत होती.

‘मावशी, काय करताय?’

‘म्हावरं कापतंय. दिसत नाय?’

‘कापत नाही, तोडताय. आणि त्या पापलेटाचं काय केलंत?’

‘त्याला चिरा पारल्या.’

‘कशासाठी?’

‘मसाला आत जावा म्हनून.’

‘पण तुकडे होऊ द्यायचे नाहीत?’

‘तुकरं झालं तं गिऱ्हाईक मना तोरल. दादा, घेयाचं हाय का नाय?’

अचूकराव घेणार नव्हते, ते लिहून घेत होते. पाटावरच्या एका मिनिटात त्यांना हवा होता तो भेद मिळाला होता. वरून घाव घालून पार तोडलं तर हॉगे. धारेने रेघ ओढून आतली बाजू उघडली तर स्नित. कडेचा एक तुकडा काढून दात पाडला तर हाक. हो, शब्द हाकच आहे, आणि आपण मारतो त्या हाकेशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत तो नॉच. पापलेटावरच्या चिरेला इंग्रज नॉच म्हणणार नाही आणि कट म्हटलेलं त्यालाही आवडणार नाही.

तेवढ्यात मावशींनी शेजारणीला बोंबील मोजून दिले, विसाच्या हिशोबाने. अचूकराव थबकले. ‘मावशी, डेन्मार्कची माणसंसुद्धा विसानेच मोजतात. तिथे पन्नासला हालत्रेस म्हणतात. मूळ अर्थ अडीच विसा. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे साडेतीन विसा.’ हे सगळं खरं आहे, डॅनिश आकडे असेच बांधलेले आहेत. मावशींनी कोयता पुसत विचार केला आणि निकाल दिला, ‘मंग त्यांची आजी आमच्याच गावची.’ भाषाशास्त्रात याहून धाडसी सिद्धान्त मांडले गेले आहेत.

मग शिंपी झाला. कात्रीने कापणं म्हणजे ‘क्लिपे’. कापड, कागद, केस, सगळ्याला तोच शब्द. म्हणजे डॅनिश न्हावी केस कापत नाही, कातरतो, हे कळल्यावर अचूकराव मुद्दाम वाट वाकडी करून आपल्या न्हाव्याला सांगून आले. मग उद्यानातला माळी झाला. गवत कापायला डॅनिशमध्ये ‘स्लॉ’ म्हणतात, आणि त्याच शब्दाचा अर्थ मारणे. ‘तिकडे गवत कापत नाहीत, गवताला मारतात,’ हे ऐकून माळ्याने यंत्र बंद केलं आणि आपल्या मुकादमाला बोलावून आणलं.

सुताराकडे मात्र अचूकरावांचा पाणउतारा झाला. ‘फाल्स’ या शब्दावर त्यांनी चार दिवस घालवले होते. कडेला पायरी काढायची, जिच्यात दाराचं पाखं किंवा काच टेकून बसते, ती ही वस्तू. त्यांनी अर्धं वाक्य बोलून हातवारे सुरू करताच मिस्त्री रंधा न थांबवता म्हणाला, ‘पताम.’ बस. तीन अक्षरं. अचूकराव ती लिहून घेताना जरा ओशाळले. पण लगेच त्यांनी मिस्त्रीला दुसऱ्या विषयावर गाठलं. इंग्रजीत ‘कर्फ’ म्हणून शब्द आहे. डॅनिश केर्वची ती सख्खी बहीण, पण दोघींचे संसार वेगळे. केर्व म्हणजे खाच. कर्फ म्हणजे करवत जाताना जेवढं लाकूड भुसा करून खाते ती रुंदी. एक मीटर फळीतून शंभर मिलिमीटरचे दहा तुकडे काढायचे तर नऊ काप द्यावे लागतात. पातं तीन मिलिमीटर खात असेल तर सत्तावीस मिलिमीटर भुशात जातात आणि शेवटचा तुकडा त्र्याहत्तरचाच उरतो. मिस्त्री म्हणाला, ‘काका, हे आम्ही आधीच सोडून मोजतो.’ ‘सोडता, पण त्याला नाव काय देता?’ मिस्त्री म्हणाला, ‘नाव कशाला? ते तर गेलंच ना.’ अचूकराव या उत्तरावर घरी जाईपर्यंत अस्वस्थ होते.

घरी काकू भरल्या वांग्यांची तयारी करत होत्या. त्यांनी एका दमात सांगितलं, ‘आलात? नारळ फोडा, मेथी खुडून द्या, शेंगा मोडा, कोथिंबीर बारीक चिरा, पडवळाच्या चकत्या करा आणि वांग्यांना चार-चार चिरा द्या, देठ सोडू नका. जेवण झालं की सुपारी कातरा, मग काय तो तुमचा डेन्मार्क.’ अचूकराव डोळे विस्फारून बघत राहिले. ज्यासाठी गावभर हिंडले ते सगळं काकूंनी एका वाक्यात, श्वास न घेता, एकही शब्द न चुकता सांगितलं होतं. त्यांनी वही काढली. ‘पुन्हा एकदा म्हण बघू.’ ते पुन्हा म्हणण्याऐवजी काकूंनी विळी पुढ्यात ओढली आणि सगळी कामं स्वतः केली. त्या रात्रीच्या टिपणांत मेथीला पूर्ण पान आहे.

शेठचे दोन दिवस असे करत पंधरवड्यावर गेले. ते नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर अचूकरावांना गाठायचा प्रयत्न करत. ही चूक होती. टपरीवर कुणी ‘एक कटिंग’ म्हटलं की अचूकरावांचा प्रवाह सुरू होतो. डेन्मार्क आपल्याला परकं नाही, हे ते शेठना समजावून सांगत. विल्यम केरींचं मराठी व्याकरण १८०५ साली छापलं गेलं ते बंगालमधल्या श्रीरामपूरच्या छापखान्यात, आणि त्या वेळी श्रीरामपूरवर झेंडा होता डेन्मार्कच्या राजाचा. पुढे १८४५ साली त्यांनी ते गाव इंग्रजांना विकून टाकलं. त्या छापखान्यासाठी पोलादात अक्षरांचे ठसे कोरले पंचानन कर्मकार आणि त्यांचे जावई मनोहर यांनी. ‘म्हणजे बघा शेठ, मराठीचं व्याकरण छापायलासुद्धा आधी कुणालातरी पोलाद अचूक कोरावं लागलं!’

शेठ म्हणत, ‘काका, यंत्र उभं आहे.’

काका मग १९३८ सालात शिरत. मुंबईत लार्सन अँड टुब्रो काढणारे हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो, दोघेही डॅनिश. आरंभी डेन्मार्कहून दुग्धशाळांची यंत्रं आणून विकायची, हा धंदा. १९४० साली जर्मनीने डेन्मार्क व्यापला, माल यायचा थांबला, आणि इथेच दुरुस्तीची, कारखान्याची कामं अंगावर घेण्यावाचून दोघांना गत्यंतर उरलं नाही. ‘आज सीवूड्स स्टेशनवर जी अवाढव्य इमारत दिसते ना शेठ, ती याच कंपनीची करणी.’ शेठना त्या वेळी स्टेशनापेक्षा आपल्या उभ्या यंत्राची काळजी होती.

टपरीवाल्याला मात्र या व्याख्यानांतला एक शब्द फार आवडला: ‘कार्वेस्तोक’. पूर्वी डेन्मार्कात देण्याघेण्याचा हिशोब काठीवर खाचा पाडून ठेवत, त्या काठीचं हे नाव. टपरीवाल्याने दुसऱ्याच दिवशी एक पट्टी आणून ठेवली. तिच्यावरच्या पहिल्या खाचा अचूकरावांच्या नावावर पडल्या. अचूकराव खट्टू झाले, पण खाचा एकसारख्या खोल पडाव्यात म्हणून त्यांनी त्याला घरून छोटी कानस आणून दिली.

अखेर काम झालं. मूळ पुस्तिका पातळशी. तिच्यावर अचूकरावांच्या टिपांचं जाड बाड. डॅनिश भाषेचा मोठा कोश १९१८ ते १९५६ या काळात अठ्ठावीस खंडांत निघाला. आपला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये सात खंडांत. अचूकरावांचा विचार या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबायचा होता. शेठनी मधलं एक पान उघडलं आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. ‘काका, यात रिबेट लिहिलंय! आणि पुढेही रिबेट! किती टक्के देतात?’ इंग्रजीत पतामला रिबेटच म्हणतात, त्याचा सवलतीशी संबंध नाही, हे कळल्यावर शेठ हळूच खुर्चीत टेकले. मग त्यांना इंग्रजी रकान्यातल्या मोकळ्या जागा दिसल्या. तिथे अचूकरावांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: ‘येथे इंग्रजी शब्द पुरत नाही. प्रत्यक्ष दाखवावे.’

‘म्हणजे मी विमावाल्याला काय दाखवू?’

‘मला घेऊन चला. मी दाखवतो.’

ते विमावाल्याकडे गेले नाहीत, पण कारखान्यात गेले. फळीचे तीन तुकडे घेतले, खडूने रेघा मारल्या. एकावर खोबण काढली, दुसऱ्यावर पताम, तिसऱ्याच्या कडेवर खाच. जौनपूरच्या पोराला हिंदी-मराठीची खिचडी करून सांगितलं, ‘ये नॉट है, इसका मतलब करना है. ये फाल्स है, ये सच्ची में करना है.’ पोरगा हसला, आणि त्या दिवसापासून एकही फळी वाया गेली नाही. ते बाड कपाटात आहे. विमावाल्याने त्याचं वजन बघूनच शिक्का मारला, असं म्हणतात. तीन तुकडे मात्र यंत्राला तारेने बांधलेले आहेत, आणि नवा माणूस आला की त्याला आधी ते दाखवतात.

शेवटी बिलाचा प्रश्न आला. शेठ म्हणाले, ‘काका, ओळखीत काम झालंय. थोडं कट करा ना.’

अचूकरावांनी वही उघडली. ‘कुठलं? नुसती खाच पाडायची तर हाक. सरळ कपात करायची तर नेदस्केरिंग. पार तोडायचं तर हॉगे, पण मग आपला संबंधही तुटेल. आणि रिबेट म्हणत असाल, तर त्याचा अर्थ तुम्हाला आता माहीत आहे.’

शेठनी पुरे पैसे दिले. त्यांना पाठ करायला आणखी शब्द नको होते.

अचूकरावांचा राग करणारे गावात पुष्कळ आहेत, आणि त्यांचंही चुकत नाही. ज्याच्याशी बोलताना प्रत्येक वाक्य आधी तपासून घ्यावं लागतं, त्याच्याशी माणूस मोकळेपणाने किती बोलणार? आपलं रोजचं बोलणं अंदाजावर चालतं, कारण समोरचा माणूस उरलेलं समजून घेतो. न्हावी समजून घेतो, कोळीण समजून घेते, काकू तर न बोललेलंही समजून घेतात. यंत्र मात्र समजून घेत नाही, लिहिलं असेल तेवढंच करतं, आणि अर्धवट इंग्रजीवर विसंबलेला ऑपरेटरही त्याच नाइलाजात असतो. तिथे ढिला शब्द म्हणजे वाया गेलेलं सागवान, आणि कधी कुणाचं बोटसुद्धा. म्हणून अशा ठिकाणी अचूकराव हवेतच. त्यांचं चुकतं ते एवढंच की यंत्राशी जसं बोलावं तसं ते माणसांशीही बोलतात. बाकीचे सगळे माणसांशी बोलावं तसं यंत्राशी बोलतात, आणि त्या चुकीची किंमत बरीच जास्त पडते.

तेव्हा तुमच्याकडे एखाद्या परक्या भाषेतलं यंत्र अडून बसलं असेल, तर शिरवण्याला जरूर जा. घाई असेल तर जाऊ नका. आणि जाल तर पैसे आधीच ठरवून घ्या, कारण नंतर कमी करायचे झाले तर ते नेमके कसे कमी करायचे, हे तुम्हालाच सांगावं लागेल.